नांदुऱ्यातला एक्झॉस्ट आणि सोनाळ्याचा धूर

हे वाचून मला कोणी अंधश्रद्धाळू म्हणणार असेल, तर त्यानं आधी माझ्या दुकानात एक दिवस येऊन बसावं. माझं मोटर वायंडिंगचं काम आहे. जळालेली मोटर खोलायची, आतली काळी पडलेली तार काढायची, नवीन भरायची — उमर गेली यात. शेतकरी पाण्याची मोटर घेऊन येतात आणि मोटरीसोबत एखादी गोष्टही आणतात. कोणाची मोटर फक्त अमावास्येला बंद पडते, कोणाच्या विहिरीवरचा पंप आपोआप सुरू होतो. मी त्यांच्यासमोर खोलून दाखवतो. अमावास्येवाल्या मोटरीत उंदरानं कुरतडलेली तार निघते, आपोआपवाल्याचा स्टार्टर चिकटलेला असतो. एवढ्या मोटरी खोलल्या, भूत एकीतही निघालं नाही. त्यामुळे माझ्याच घरची गोष्ट सांगायला मला फार जड जात होतं.

मी बोललो ते माझ्या मुलीनं पुण्यात बसून टाईप केलं आहे. तिनं माझं 'मले-तुले' काढून 'मला-तुला' केलं, म्हणे लोक हसतील. हसू द्या. पण घरची माणसं जे बोलली ते मी तिला बदलू दिलं नाही, ते जसंच्या तसं आहे.

आमचं घर नांदुऱ्यात, रेल्वे स्टेशनापासून पायी जाण्यासारखं. स्वयंपाकघर सगळ्यात मागे. त्याच्या भिंतीमागे एक अरुंद बोळ, इतका की माणसाला तिरपं होऊन शिरावं लागतं. बोळाच्या पलीकडे एका व्यापाऱ्याच्या गोदामाची उंच भिंत, तिला खिडकी नाही की झरोका नाही. हंगामात गोदामात कापूस असतो, मग तूर-हरभरा. उन्हाळ्यात ते रिकामं, कुलूप लावलेलं. त्या बोळात वारा येत नाही. मी मुद्दाम सांगतोय, कारण वाऱ्याचा विषय पुढे येणार आहे.

माझी बायको मंदा. तिचं माहेर सोनाळा, संग्रामपूरच्या पुढे, सातपुडा जिथून अगदी जवळ दिसतो ते मोठं गाव. मंदाच्या हाताचा काळा मसाला आमच्या आळीत नावाजलेला. उन्हाळा लागला की बायका वर्षाचे धने-खोबरं-दगडफूल घेऊन तिच्याकडे येत, आणि ती ते भाजून देई. तिची पद्धत अशी की कढईत बघायचंच नाही. डोळे मिटून हलवत राहायचं, आणि वास फिरला की कढई खाली. हे तिला तिच्या मायनं शिकवलं होतं. माय म्हणायची, "डोये फसवते व पोरी, नाक नाही फसवत."

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मंदाला ताप आला. साधाच ताप, आला तसा गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. खारट कळायचं, तिखट कळायचं, वास मात्र कशाचाच नाही. दूध उतू जाऊन जळलं तरी ती शेजारी उभी. एकदा गॅसचं बटन अर्धवट राहिलं, मी दुकानातून आलो तर दारातच वास, आणि ती आत शांतपणे भाजी निवडत बसलेली. मी आधी सिलेंडर बंद केलं, मग सगळी दारं उघडली. अकोल्याला डॉक्टरला दाखवलं. ते म्हणाले, काहींचं येतं, काहींचं नाही येत, वाट बघा.

वाट बघत होतो तेवढ्यात पौषात तिची माय गेली. झोपेतच गेली, कोणाला त्रास न देता.

आम्ही सोनाळ्याला पोचलो. मंदा मायजवळ बसली, वाकली, तिच्या खांद्यात तोंड घातलं, आणि मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "अहो, मले मायचा वास येऊन नाही राह्यला." जमलेल्या बायकांना वाटलं, दुःखानं बोलून राह्यली. मला तेवढं कळलं, आणि मला तिथं उभं राहवेना.

मायचं रोजचं लुगडं वलणीवर तसंच होतं. आदल्या दिवशीचं, न धुतलेलं. चुलीचा धूर, मशेरी आणि खोबरेल — तिघांचा मिळून जो वास, तीच माय. मंदानं ते लुगडं मागून घेतलं. कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली, ती पिशवी घट्ट झाकणाच्या नव्या डब्यात ठेवली. नाक परत येईपर्यंत वास टिकला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

पण वास काही धान्य नाही की भरून ठेवला अन् राहिला. दर काही दिवसांनी ती डबा काढायची, पिशवीची गाठ जराशी सैल करायची, माझ्या नाकाशी धरायची. "पाहा बरं, येते का अजून?" मी वास घ्यायचो. "येते," म्हणायचो. झटकन गाठ. फाल्गुनात मी म्हणालो, "येते, पण बारीक." मला खोटं बोलता येत नाही, माझं तोंडच सांगतं. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता पंख्याचं. गॅसच्या त्या प्रकारानंतर मी ठरवलं की स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवायचाच. त्याच सुमारास माझा साळा सुधाकर सोनाळ्यात घराचं काम काढून बसला होता. मायची चूल पाडून त्या जागी टाईल्सचा ओटा केला त्यानं. मंदानं फोनवर त्याला सोलून काढलं. "काऊन रे, तेराव्याचे भांडे वाळले नाही अन् तू चूल पाडली?" तो बिचारा म्हणाला, "ताई, वैशालीच्या डोयाले धूर चालत नाही, तुले तं माहीत आहे." वैशाली म्हणजे त्याची बायको. मी मध्ये पडलो, म्हणालो मी त्याच्याकडे पण पंखा बसवून देतो. एकाच दुकानातून एकाच जोडीचे दोन पंखे घेतले. एक सोनाळ्याला बसवला — चुलीच्या वर धूर जायला भिंतीत जुनं भोक होतं, तेच मोठं करून त्यात. दुसरा आमच्याकडे, बोळाच्या भिंतीत. दोन्ही जोडण्या माझ्या हातच्या.

चैत्राची दुपार होती. उन्हाळ्यात मी दुपारी दुकान बंद करून घरी येतो, जेवतो आणि स्वयंपाकघरातच फरशीवर पाणी शिंपडून आडवा होतो. घरात तेवढी एकच थंड जागा. मंदा पुढच्या खोलीत. बाहेर ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रंही नाही, लांबून मालगाडीचा आवाज येतो आणि बराच वेळ संपतच नाही. पंख्याच्या भोकातून बोळातला थोडा उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर एक फिकट गोल पडतो. पंखा चालू असला की त्या गोलात पात्यांच्या सावल्या फिरतात. मी ते बघत बघत झोपतो, लहान पोरासारखं.

त्या दुपारी अर्धवट झोपेत मला जाणवलं की सावल्या उलट्या फिरून राह्यल्या.

मोटरवाल्याला झोपेतही दिशा कळते. मी तसाच पडून बघत राहिलो. पंखा आतली हवा बाहेर टाकण्याऐवजी बाहेरची आत घेत होता. आणि त्या हवेला वास होता... पऱ्हाटीच्या धुराचा. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळकी झाडं उरतात, ती आमच्याकडे चुलीत घालतात. तो गोडसर, डोळ्यांत न जाणारा धूर. नांदुऱ्यात आमच्या आळीत आता एकाही घरी चूल नाही. मला इतकं बरं वाटलं की उठावंसंच वाटेना. जाग आली तेव्हा पंखा बंद होता आणि मंदा चहा ठेवत होती.

मी म्हणालो, पंखा उलटा फिरत होता. ती म्हणाली, "मंग नीट करा. गावच्या मोटरी सुधरवता, घरचा पंखा उलटा." 

हे मला लागलं. लगेच शिडी लावली. या पंख्याच्या मोटरीत एक छोटा कपॅसिटर असतो, तो मोटरीला सुरू होताना दिशा देतो. कपॅसिटर मेला की मोटर दिशा विसरते, तिला बोटानं जिकडे ढकलाल तिकडे ती फिरू लागते. म्हटलं, कपॅसिटर गेला असेल आणि बाहेरच्या झुळकीनं पाती उलटी ढकलली असतील. नवीन टाकला. पंखा सरळ फिरला. विषय संपला.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. तीच दुपारची वेळ, भिंतीवर उलट्या सावल्या, आणि धूर. या वेळी धुरात आणखी काहीतरी होतं, भाजलेल्या मिरचीसारखं. मी बोळात शिरून उदबत्ती लावून पाहिली. तिचा धूर सरळ वर. वारा नाही. तरी म्हटलं धोका नको, म्हणून बाहेरच्या बाजूला उजेड आत येईल अशा दुधी प्लास्टिकच्या पट्ट्यांचं झाकण बसवलं. आतली हवा बाहेर जाऊ लागली की त्या पट्ट्या उचलतात, बाहेरची हवा आत येऊ लागली की पडून बंद होतात. म्हणजे हवा एकाच बाजूनं जाणार, आत येऊच शकणार नाही.

ती आली. पट्ट्या बंद, पंखा उलटा, आणि हवा माझ्या तोंडावर.

मग मी जिद्दीला पेटलो. मोटर उतरवून दुकानात नेली, टोकं तपासली, बेंचवर फिरवली — सरळ. घरी बसवली — सरळ. दुपारी — उलटी. माझ्या जोडणीवरची टेप जशीच्या तशी, कोणी हात लावलेला नाही. मी स्विचबोर्ड खोलला, टेस्टर लावला, अर्थिंग बघितलं, शेजारच्या घरून करंट येतो का तेही पाहिलं. काही नाही. दुकानात गिऱ्हाईकावर विनाकारण खेकसायला लागलो. मंदा म्हणाली, "पंख्याशी भांडता का तुम्ही?" मी म्हणालो, "हाव."

एकदा मात्र तिनं विचारलं, "तुमाले वास कशाचा येते म्हन्ता?" मी सांगितलं — पऱ्हाटीचा धूर, भाजलेली मिरची, आणि एकदा... एकदा मला मशेरीसारखंही वाटलं. हे मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दुपारी पंखा उलटा फिरू लागला तेव्हा ती आली, ओट्याला पाठ टेकून पंख्याखाली उभी राहिली, तोंड वर केलं, डोळे मिटले. मसाला भाजताना उभी राहते तशीच. केस हलत होते तिचे. बराच वेळ ती तशी उभी होती. मग डोळे उघडले आणि म्हणाली, "तुमाले येते अन् मले नाही. माय माही आहे का तुमची?"

मी शिडी आणली आणि पंख्याच्या दोन्ही तारा सोडवल्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही. टोकांना टेप मारली, वळवून वर खिळ्याला अडकवली. बोर्डातूनही काढल्या. म्हटलं, आता ना सरळ, ना उलटा. नकोच तो.

काही दिवस पंखा गप्प राहिला. ऊन वाढलं, अखजी आली. अखजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना घास टाकतात. विस्तव करून त्यावर पुरणपोळीचा तुकडा, तूप, भात-भाजी जे काय केलं असेल त्याचा घास ठेवायचा. तो जळतो, धूर वर जातो, त्या धुरातून जेवण पितरांना पोचतं असं मानतात. जे माणूस वर्षभरात गेलं, त्याचा पहिला घास अखजीलाच. सोनाळ्याला सुधाकर मायचा पहिला घास टाकणार होता. मंदाला जायचं होतं, पण आमच्या घरचा घास माझ्या थोरल्या भावाकडे पडतो, आणि धाकट्या सुनेनं त्या दिवशी माहेरी जाणं बरं दिसत नाही.

आदल्या संध्याकाळी तिनं डबा काढला. गाठ सोडली. माझ्या नाकाशी धरली. मी वास घेतला, पुन्हा घेतला. प्लास्टिकचा वास येत होता. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "मंदा, आता नाही येत."

तिनं गाठ बांधली. घट्ट बांधली, जसं आत अजून काही आहे. डबा जागेवर ठेवला. "बरं," म्हणाली. तिच्या ताटातुटीपुढं माझं ते फेज-न्यूट्रल काय कामाचं, असं वाटलं.

अखजीच्या सकाळी भावाकडे गेलो, घास टाकला, जेवलो, घरी आलो. आमच्या घरात त्या दिवशी गॅससुद्धा पेटला नव्हता, हे ध्यानात ठेवा. मी नेहमीसारखा फरशीवर पडलो. मंदा पुढच्या खोलीत वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती, त्यांचा कडकड आवाज येत होता. पुरणपोळी अंगावर आली होती, डोळे मिटत होते. भिंतीवर तो फिकट गोल होता, स्थिर.

मग गोल फिरू लागला.

आधी सावकाश, पाण्यात काठी फिरवावी तसा. मग जोरात. आणि आवाज — वाऱ्यानं पाती फिरली तर नुसती फडफड ऐकू येते, पण ही मोटरीची गुणगुण होती, करंटवरची. मी पडल्या पडल्या वर बघितलं. दोन्ही तारा खिळ्याला अडकवलेल्या, टेप मारलेल्या. पंखा पूर्ण वेगात, उलटा. मला भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. अंगात एक सुस्ती होती, सगळं खोल पाण्यातून बघतोय अशी. पंख्यातून येणाऱ्या उजेडात बारीक धूर तरंगत होता, निळसर. वास आला. पऱ्हाटी, गोवरी, जळतं तूप, करपणारं पुरण... आणि त्या सगळ्याच्या खाली मशेरी.

कुरडयांचा आवाज थांबला.

पुढच्या खोलीतून मंदा म्हणाली, "गोवरी कोनं पेटवली व?"

मला लगेच लक्षात आलं नाही. मी म्हणालो, "कोनं नाही." ती दारात आली. नाक वर, डोळे मोठे. "अहो, तूप जळून राह्यलं. पुरन आहे. पुरन करपून राह्यलं."

तेव्हा मी उठून बसलो.

ती पंख्याकडे बघत होती. एक पाऊल पुढे आली, थांबली, आणि मग वळून धावतच आत गेली. डबा पडल्याचा आवाज आला, झाकण घरंगळत गेलं. पिशवीची गाठ सुटेना म्हणून दातांनी फाडली तिनं. लुगडं घेऊन आली आणि पंख्याखाली उभी राहून त्यात तोंड घातलं.

माझी खोड जात नाही. मी शिडी न लावता ओट्यावर चढलो, तारांची टेप सोलून टेस्टर लावला. दिवा नाही. उतरून बोळात पळालो. तिरपा होऊन शिरलो. झाकणाच्या पट्ट्या बंद, धूळ बसलेली, एकही हलत नव्हती. गोदामाची भिंत तापलेली. धूर नाही, वास नाही, वारा नाही. पट्टीवर कान ठेवला तर आतून मोटर गुणगुणत होती. मी घामाघूम होऊन परत आलो.

मंदा तोपर्यंत खाली बसली होती. लुगडं मांडीवर, थोडं तोंडाशी. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण चेहरा झोपेतल्या लेकरासारखा. मी पुन्हा ओट्याकडे निघालो तर तिनं माझा हात धरला.

"बसा ना एका जागी. काय तपासता?"

मी बसलो. तिनं लुगड्याचा एक कोपरा माझ्याकडे केला. आदल्या दिवशी ज्यात प्लास्टिकशिवाय काही नव्हतं, त्यात धूर होता, मशेरी होती, खोबरेल होतं. माय त्या खोलीत असती तर याहून जास्त वास आला नसता. आम्ही दोघं तसेच बसलो. किती वेळ, ते मला विचारू नका. भिंतीवर सावल्या उलट्या फिरत होत्या आणि मला वाटत होतं की हे असंच चालत राहावं. मग सावल्या हळू झाल्या, वेगवेगळ्या दिसू लागल्या, आणि थांबल्या.

"गेली," मंदा म्हणाली. साध्या आवाजात, पाहुणी बसमध्ये बसली की म्हणतो तसं.

थोड्या वेळानं फोन वाजला. सोनाळ्याहून वैशाली. रडवेली झाली होती. मी स्पीकरवर ठेवला.

"ताई, माह्यानं भल्ली चूक झाली व. आज पोरं येता येता उशीर झाला, घास आत्ता टाकला. हे म्हने मायची चूल जिथी होती तिथीच टाकू. ओट्यावरच घमेल्यात गोवरी पेटवली, पऱ्हाटी टाकली. इतका धूर झाला की कोनी दिसेना. मले खोकला आवरेना, म्या आपलं पंख्याचं बटन दाबलं. धूर सारा पंख्यातून भायेर गेला."

"मंग?" मंदानं विचारलं.

"मंग शेजारची आजी आली, तिनं पाह्यलं. भल्ली रागावली. म्हने घासाचा धूर आपल्या मनानं वर जाऊ द्या लागते, तुमी मशीन लावून वढून फेकला. म्हने बुढीचा पयला घास वाया घालवला. तवा बंद केलं बटन. हे माह्याशी बोलून नाही राह्यले. आता काय करू ताई, पुन्हा टाकू का?"

मंदानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होतो.

"नको टाकू," ती म्हणाली. "वाया नाही गेला, वैशाली. पोचला."

"कुठी पोचला?"

"पोचला म्हटलं ना. त्याले म्हना बायकोशी बोल. अन् जेव व तू आता, उपाशी असशील."

वैशालीला काही समजलं नाही. तिला वाटलं ताई समजूत काढून राह्यली. आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल.

संध्याकाळपर्यंत मंदाचं नाक पुन्हा बंद झालं. तिनं स्वतःच कापूर हुंगून पाहिला, मान हलवली. मला वाटलं आता ही कोसळेल. ती म्हणाली, "राहू द्या."

दुसऱ्या सकाळी मी अंघोळीला गेलो तर मागच्या दारात बादलीत ते लुगडं भिजत घातलेलं. साबणाच्या फेसात. माझ्या तोंडून ओरडाच निघाला, "अव काय केलं हे? महिने न् महिने जपलं अन् नाक परत आलं तं?"

ती धुणं आपटत होती. थांबली नाही. "आलं तं येईन. मले जे घ्यायचं थे घेतलं. मायचं लुगडं आहे, डब्यात कोंडायले आहे का?" पिळलं, झटकलं, तारेवर टाकलं. वाळल्यावर घडी करून उशाशी ठेवलं. जुनं सुती कापड, मऊ झालेलं. आता रोज तेच अंगावर घेऊन झोपते.

या उन्हाळ्यात तिनं मसालाही भाजला. आळीतल्या बायका घाबरत घाबरत आल्या होत्या. ती डोळे मिटून कढई हलवते आणि मी शेजारी उभा. वास फिरला की मी सांगायचं. पहिल्यांदा मी उशिरा सांगितलं, शिव्या खाल्ल्या. आता जमतं.

मी पुष्कळ विचार केला. नाक असं मधूनच उघडतं आणि पुन्हा बंद होतं, असं डॉक्टर म्हणाले, मानतो. मी पोळी खाऊन अर्धा झोपेत होतो, तेही मानतो. पण मग तिला आणि मला एकच वास कसा? लुगड्यात परत कुठून आला? बंद पट्ट्यांतून हवा कशी आली? आणि करंट नसलेली मोटर गुणगुणली कशावर? मोटर मी दुकानात नेऊन पूर्ण खोलली. आत सगळं नव्यासारखं. अखजीच्या आधी तो का फिरत होता, तेही मला माहीत नाही. त्यानंतर एकदाही फिरलेला नाही.

पंखा परत भिंतीत बसवला आहे, पण तारा अजून खिळ्यालाच आहेत. मंदा जोडू देत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जोडायच्या नाहीत. गॅससाठी वास पकडणारं, वाजणारं यंत्र आणून लावलं. ठेच्याच्या मिरच्या भाजल्या की घरभर ठसका लागतो. पाहुणे खोकत खोकत विचारतात, "काय राजेहो, साऱ्या तालुक्याच्या मोटरी सुधरवता अन् घरचा एक्झॉस्ट बंद?"

मी त्यांना सांगतो, बिघाड सापडून नाही राह्यला.